भयकथा नक्की कोणाची? (इयत्ता आठवीसाठी एक तासिका)



मुळशीचा पाऊस, त्यात लाईट गेली की मुलं हमखास म्हणतात, "सर, भुताची गोष्ट!" अशा वेळी या दोन कमी माहितीच्या कथा मराठीत सांगून बघा.

१) १९२४ साली 'वियर्ड टेल्स' मासिकात जादूगार हुडिनी यांच्या नावाने एक कथा आली. इजिप्तमध्ये त्यांना बांधून जमिनीखालच्या खोल अंधारात सोडतात! प्रत्यक्षात ती लिहिली लव्हक्राफ्ट यांनी.

२) 'द चॅलेंज फ्रॉम बियाँड' (१९३५). रानात मुक्कामाला गेलेल्या माणसाला एक विचित्र स्फटिक सापडतो. मूर, मेरिट, लव्हक्राफ्ट, हॉवर्ड आणि लाँग या पाच जणांनी एकेक भाग लिहिला.

कृती : पाच मुलांचा गट करा. पहिली ओळ द्या – 'उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि गाळात एक दरवाजा दिसला.' प्रत्येकाने पाच ओळी पुढे न्यायच्या. खाली पाचही नावं लिहायची.

मग विचारा, पहिल्या कथेवर नाव कोणाचं हवं होतं? मुलं लगेच सांगतील, "ज्यांनी लिहिली त्यांचं!"

आता पालकहो, खरं सांगा. मुलांचा प्रकल्प रात्री जागून आपणच लिहितो ना? मीही लिहिलाय. यापुढे पाचच ओळी होऊ देत, चुकांसकट; पण त्याच्या स्वतःच्या.