बाहेरची भिंत : ऊन, आवाज आणि भूकंप

घर बांधताना आपण खोल्या मोजतो. भिंतीचा विचार मात्र गवंड्यावर सोपवतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तेव्हा बाहेरची भिंत कशाची असावी, हा प्रश्न साधा नाही.

आपल्या खेड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांना दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आढळतात. अशी भिंत दिवसभर ऊन शोषते. उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते. जड भिंत आवाजाने सहज कंप पावत नाही, म्हणून गोंगाटही बाहेरच राहतो. पत्र्याच्या भिंतीत यांपैकी एकही गुण नाही.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती कोसळून हजारो माणसे गाडली गेली. भिंतीचे आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते आणि वर माळवदाचा भार होता. म्हणून दगडी भिंतीत ठिकठिकाणी आरपार लांब दगड बसवावेत आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा, असे तज्ज्ञ सांगतात.

शहरात हल्ली हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा वापरतात. त्यांतील हवेमुळे ऊन चांगले अडते; आवाज मात्र वजनाने अडतो. म्हणून रहदारीच्या बाजूस नऊ इंची भाजक्या विटांची भिंत बरी. पश्चिमेच्या भिंतीस पांढरा चुना द्यावा. दारे-खिडक्यांच्या फटी राहिल्या, तर कोणतीही भिंत आवाज रोखणार नाही.

पूर्वजांच्या भिंतीचा गारवा आपण अवश्य घ्यावा. पण किल्लारीचा धडा विसरून नव्हे.