समुद्रातला वारा, डी.सी.ची वाट

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारं पाणी पाहायचं तर लोणार गाठावं लागतं! तरीही व्हायव्हाच्या आदल्या रात्री होस्टेलवर एक प्रश्न निघतोच : समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर कशी आणतात? उत्तर पाठच असतं : "एचव्हीडीसीने, कारण लॉसेस कमी." हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. १९९९ साली सुरू झालेली चंद्रपूर-पडघे लाईन ७५२ किलोमीटर लांब, ±५०० किलोव्होल्टची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची आहे. इथे तारा हवेत आहेत आणि अंतर प्रचंड आहे. डी.सी.मुळे लॉसेस घटतात, तीनऐवजी दोनच वाहक लागतात आणि लांब ए.सी. लाईनला सतावणारा स्थैर्याचा प्रश्न उरत नाही.

आता जर्मनीतला 'बोरविन-१' प्रकल्प पाहा. २०१० मध्ये त्यातून समुद्रातली वीज येऊ लागली. क्षमता ४०० मेगावॅट, अंतर फक्त २०० किलोमीटर. एवढ्याशा अंतराला डी.सी. कशाला? कारण इथे हवेतली तार नाही, केबल आहे.

केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटरच. मधे वाहक, भोवती इन्सुलेशन, बाहेर धातूचं आवरण. शेतात मोटार सुरू केली की आधी पाईप भरतो, मग स्प्रिंकलर फिरतात. ए.सी.मध्ये हा 'पाईप' दर सेकंदाला १०० वेळा भरावा लागतो, रिकामा करावा लागतो.

आकडेमोड करू. केबल २२० किलोव्होल्टची, म्हणजे फेज व्होल्टेज १२७ किलोव्होल्ट. कपॅसिटन्स किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरा.

चार्जिंग करंट = २ × ३.१४ × ५० × ०.२ × १०⁻⁶ × १,२७,००० = सुमारे ८ अँपिअर, दर किलोमीटरला.

म्हणजे २०० किलोमीटरला १६०० अँपिअर! अशा केबलची क्षमताच साधारण हजार अँपिअरच्या आसपास. मग वीज कुठून न्यायची? दोन्ही टोकांना रिॲक्टर बसवून ओझं वाटता येतं, पण मधे समुद्रतळाशी ते कुठे बसवणार? डी.सी.मध्ये मात्र केबल एकदा भरली की भरली.

आणखी एक फरक. चंद्रपूरला थायरिस्टर आहेत. त्यांना बंद व्हायला दोन्ही टोकांना जिवंत ग्रिड लागते. समुद्रात ती कुठली? म्हणून तिथे आयजीबीटीचे कन्व्हर्टर वापरतात. ते स्वतःच ए.सी. व्होल्टेज उभं करतात.

पण कन्व्हर्टर महाग पडतात. किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटरवर ए.सी. केबलच परवडते. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी केंद्राने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं आहे. उद्या अशा कामावर आपल्यापैकी कुणीही असू शकेल. तेव्हा "लॉसेस कमी" म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा : अंतर किती? आणि तार हवेत की पाण्यात?