शिकलेले घरी सांगणे

मूल शाळेतून आले की आपण 'गुण किती मिळाले?' असे विचारतो. 'आज काय शिकलास?' असे क्वचितच. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययनाबरोबर अध्यापनही सोडू नये असे सांगितले आहे. त्याचा प्रत्यय परवा देवळाच्या पडवीत आला.

पाचवीतील एक मुलगी आजीला भूगोलाचा धडा सांगत होती. शाळा कानडी, आजी मराठी; म्हणून प्रत्येक वाक्य मनात उलटवून बोलावे लागे. काळी नदी आपल्याच जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते व सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्रास मिळते. १९८७ साली पुरे झालेले सुपा धरण १०१ मीटर उंच आहे.

"पाण्याची वीज कशी होते गे?" आजीने विचारले. मुलगी अडखळली. वर्गात 'समजले' म्हणून हात मात्र तिने वर केला होता! दुसऱ्या दिवशी ती गुरुजींना विचारून आली : उंचावरून पडणारे पाणी चक्र फिरवते, आणि चक्रास जोडलेले यंत्र वीज उत्पन्न करते.

आजी म्हणाली, "त्याच पाण्याखाली जुने सुपा आहे. तालुक्याचे ठाणे होते ते. मी तेथे बाजारास जात असे."

हे पुस्तकात नव्हते. मुलीने वही उघडली. "बाजारात काय काय मिळे, आजी?"