आपली गोष्ट आपणच लिहावी : हायस्कूलच्या इंग्रजीचा एक अभ्यास



आपल्यापैकी बरेच जण पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहतात. काही जण सुट्टीच्या दिवशी वसतिगृहातील आदिवासी मुलामुलींना शिकवायला जातात. गणित सोडवून दाखवता येते, विज्ञानाची आकृती काढून देता येते. पण मूल इंग्रजीची वही पुढे ठेवते तेव्हा नेमके काय शिकवावे हे कळत नाही. मग आपण स्पेलिंग तपासतो, गाईडातले उत्तर पाठ करून घेतो आणि वही परत देतो. धडा आणि कविता कशी वाचावी, पत्र आणि निबंध कसा लिहून घ्यावा, एवढाच विषय या अंकातील अभ्यासासाठी घेतला आहे.

पहिलीपासून इंग्रजी

राज्यातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. २००० साली ते पहिलीपासून सुरू झाले. हा निर्णय घेणारे त्या वेळचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे आपल्याच भागातले. पूर्वीच्या खेड लोकसभा मतदारसंघाचे ते खासदारही होते. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. शहरातल्या मुलाला जे इंग्रजी लहानपणापासून मिळते ते खेड्यातल्या मुलालाही मिळावे, हा त्या निर्णयामागचा विचार होता.

आज दहावीला बसणारे प्रत्येक मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरीही खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या पश्चिमेकडील वाड्यावस्त्यांवरून आलेल्या मुलांना इंग्रजीचीच धास्ती वाटते. याचे एक कारण आपण लक्षात घेत नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलांची घरची बोली वेगळी असते. शाळेत आल्यावर ती पुस्तकी मराठी शिकतात आणि त्यावर इंग्रजी. शहरातले मराठी मूल एक पायरी चढते तिथे यांना दोन चढाव्या लागतात. घरचे शब्द शाळेत 'चुकीचे' ठरल्याचा अनुभव त्यांना आधीच आलेला असतो. म्हणून इंग्रजीच्या तासाला ती गप्प बसतात. येत नाही म्हणून नव्हे, पुन्हा चुकू नये म्हणून.

गाईडातला निबंध कोणाचा?

या भीतीवर सोपा उपाय म्हणजे पाठांतर. 'थंड हवेच्या ठिकाणी सहल' हा निबंध घ्या. भीमाशंकरच्या डोंगरात जन्मलेली मुलगी गाईडातून पाठ करते की ती आईवडिलांबरोबर गाडीने डोंगरावर गेली, हॉटेलात उतरली, फोटो काढले. ज्या डोंगरावर लोक सहलीला येतात तो तिचे घर आहे. पावसाळ्यात तिथे धुके किती दाट असते, हिरडा कधी गोळा करतात, मोबाईलला रेंज कुठल्या दगडावर उभे राहिल्यावर मिळते, हे तिला ठाऊक आहे. पण निबंधात यातले काही नसते. तिला चार गुण मिळतात आणि एक धडाही मिळतो, की आपल्या जगण्यात लिहिण्यासारखे काही नाही.

कातकरी मुलाचेही तसेच. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात आणि तो 'माझी उन्हाळी सुट्टी' मामाच्या गावच्या आंब्यांवर लिहितो.

हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. परीक्षेतही त्याचा उपयोग मर्यादितच असतो. आता भाषा विषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. तीत पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा येतो, तक्त्यातील माहिती परिच्छेदात लिहायची असते, दिलेल्या मुद्द्यांवरून पत्र किंवा बातमी तयार करायची असते. पाठ केलेले इथे फार पुढे नेत नाही. स्वतःचे वाक्य बांधता यावे लागते.

साहित्य : धडा कसा वाचावा

लिअम ओ'फ्लॅहर्टी या आयरिश लेखकाची समुद्रपक्ष्याच्या पिलाची एक कथा पुष्कळ ठिकाणी दहावीला अभ्यासाला असते. ती नमुन्यादाखल घेऊ. भावंडे उडून गेली आहेत, हे पिलू मात्र कड्याच्या कपारीत एकटेच बसले आहे. आईबाप बोलावतात, रागावतात, उपाशी ठेवतात. शेवटी आई चोचीत मासा घेऊन अगदी जवळ येते, पण देत नाही. भुकेने वेडे झालेले पिलू झेप घेते, खाली पडू लागते, पंख उघडतात आणि ते उडते.

पहिली पायरी, गोष्ट आपल्या बोलीत सांगणे. इंग्रजी धडा उघडण्याआधी गोष्ट मराठीत सांगा आणि मुलांना ती त्यांच्या घरच्या बोलीत एकमेकांना सांगू द्या. समुद्र त्यांनी पाहिलेला नसेल, पण कडा, कपार आणि कड्यावरून झेपावणारी घार त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिली आहे. गोष्ट कळली की अनोळखी इंग्रजी शब्दांचा अर्थ निम्मा आपोआप लागतो.

दुसरी पायरी, मोठ्याने वाचणे. आधी आपण वाचावे, मग मुलांनी दोघादोघांनी. प्रत्येक शब्दाला थांबवू नये. एका बैठकीत पाच-सहा नवे शब्द पुरेत. ते फळ्यावर लिहावेत आणि त्यांचा अर्थ मुलांनीच संदर्भावरून ओळखावा.

तिसरी पायरी, एक खरा प्रश्न. 'पिलू का घाबरले होते?' याचे उत्तर गाईडात असते. त्याऐवजी विचारा, 'आईने मासा जवळ आणूनही दिला नाही, हे बरोबर केले का?' इथे मुले बोलू लागतात. जूनमध्ये घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाला हा प्रश्न दूरचा वाटत नाही. एखादा म्हणेल, आई कठोर आहे. एखादी म्हणेल, तिने तसे केले नसते तर ते उडाले नसते. दोघांनाही एकच सांगा, 'धड्यातले कोणते वाक्य वाचून तुला असे वाटले? त्यावर बोट ठेव.' आपले मत मांडायचे आणि त्याला धड्यातला आधार दाखवायचा, साहित्याच्या अभ्यासाचे मूळ एवढेच आहे.

कवितेलाही हीच रीत. रसग्रहणात कवितेचे नाव, कवी, यमकाची रचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना विचारतात. पहिल्या दोन गोष्टी पाठ कराव्यातच. यमक मात्र कानाने शोधू द्यावे. जात्यावरच्या, लग्नाच्या, पेरणीच्या गाण्यांत वाढलेल्या मुलांचा कान तयार असतो. आधी त्यांच्या गाण्यातले यमक त्यांना दाखवा, मग इंग्रजी कवितेतले ती स्वतः दाखवतील.

लेखन : एक पत्र

पत्रलेखनात पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचा विषय नेहमीचा. गाईडातले पत्र एखाद्या शहरी सोसायटीतून महापालिकेला लिहिलेले असते. आपण विषय तोच ठेवू आणि पत्र खरे करू. चासकमान आणि भामा-आसखेड ही धरणे खेड तालुक्यातलीच. तरी डोंगरातल्या कितीतरी वाड्यांच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात. मुलाने आपल्या वाडीच्या हातपंपाविषयी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहावे.

लेखणी उचलण्याआधी चार प्रश्नांची तोंडी उत्तरे घ्या, हव्या त्या भाषेत. कुठे? कधीपासून? किती लोकांना त्रास होतो? तुम्हाला नेमके काय हवे? मग प्रत्येक उत्तराचे एकच छोटे इंग्रजी वाक्य करायचे. 'अवर हँडपंप इज ब्रोकन.' 'इट स्टॉप्ड इन मार्च.' 'थर्टी फॅमिलीज यूज इट.' 'प्लीज सेंड अ मेकॅनिक.' ही चार साधी वाक्ये पाठ केलेल्या भारदस्त परिच्छेदापेक्षा मोलाची आहेत, कारण ती त्या मुलाची आहेत आणि तपासून पाहता येतील अशी आहेत. पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट ही चौकट नंतर शिकवावी. ती सोपी असते.

हेच मूल उद्या आयटीआयनंतर चाकणच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागेल. तिथे मशीनवरची सूचना वाचावी लागते, अपघात झाला तर काय, कुठे, किती वाजता हे लिहून द्यावे लागते, सही करण्याआधी कागद समजून घ्यावा लागतो. पत्राचा सराव तिथे कामी येतो.

चुका कशा तपासाव्यात

लाल शाईने भरलेली वही मूल पुन्हा उघडत नाही. एका वेळी एकाच प्रकारची चूक सुधारा आणि ती का होते ते सांगा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यानंतर. मराठीत 'घरात' म्हणताना 'त' मागे लागतो, इंग्रजीत तो अर्थ दाखवणारा शब्द आधी येतो. 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे मराठीत नाहीतच, म्हणून ती विसरली जातात. चूक मठ्ठपणामुळे होत नाही, दोन भाषांच्या चाली वेगळ्या आहेत म्हणून होते, हे कळले की मुलाची भीती निम्मी होते. आणि सुधारण्याआधी वहीतले एक चांगले वाक्य शोधून ते सगळ्यांना वाचून दाखवा.

कोणाची गोष्ट कोण सांगतो

शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली निघाला. त्यांची 'स्टेज' ही कविता इंग्रजीतही गेली आणि महाराष्ट्राबाहेर वाचली गेली. आदिवासींच्या दुःखावर मंचावरून दुसरेच बोलतात आणि ज्यांचे दुःख ते खाली बसून ऐकतात, हा तिचा आशय. आपल्यासारख्यांनी ती स्वतःला लावून घ्यावी अशी आहे. अशा पत्रिकांमध्येही आदिवासी मुलांविषयी लिहिणारे आपणच असतो.

झारखंडच्या टकरा गावचे जयपालसिंह मुंडा यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलते. रांचीच्या सेंट पॉल्स या मिशन शाळेतून ते ऑक्सफर्डपर्यंत गेले, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार झाले. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत ते उत्तम इंग्रजीत बोलले, पण बोलले आदिवासी म्हणून, आपल्या लोकांच्या वतीने. 'आदिवासी' याच शब्दासाठी त्यांनी तिथे आग्रह धरला. इंग्रजी आली म्हणून त्यांचा आवाज परका झाला नाही.

आपल्या शिकवण्याचा हेतू तोच असावा. मुलांनी आपल्यासारखे बोलावे म्हणून इंग्रजी शिकवायची नाही, तर त्यांना जे सांगायचे आहे ते कोणाच्याही मध्यस्थीशिवाय सांगता यावे म्हणून. पुढच्या वेळी वसतिगृहात जाल तेव्हा गाईड घरी ठेवा. मुलाला म्हणा, 'तुझ्या वाडीविषयी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांग.' मग त्याच्याशेजारी बसून ती चार इंग्रजी वाक्यांत उतरवायला त्याला मदत करा.

अभ्यासगटासाठी प्रश्न

१. आपण शिकवत असलेल्या मुलांची घरची बोली कोणती? तिच्यातले दहा शब्द आपल्याला येतात का?

२. मागच्या महिन्यात मुलांनी लिहिलेला एक निबंध घ्या. त्यातली किती वाक्ये त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली आहेत?

३. पिलाच्या आईने केले ते योग्य होते का? मदत करणाऱ्यांनी कधी जवळ यावे आणि कधी थांबावे?

४. आपल्या पुढच्या अंकात मुलांविषयीच्या एका लेखाऐवजी मुलांनी लिहिलेले एक पान देता येईल का? त्यासाठी कोण बसेल त्यांच्याबरोबर?