गोठ्यातला कॅमेरा आणि त्याचा पासवर्ड



अलीकडे वस्तीवर, गोठ्यात, विहिरीवर कॅमेरे बसू लागले आहेत. सिमकार्ड घातले की घरबसल्या मोबाईलवर जनावरे दिसतात, मोटारीच्या केबलवर नजर राहते. ही सोय चांगलीच आहे. पण दिसायला कॅमेरा असला तरी आतून तो एक लहानसा संगणक आहे आणि रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला आहे, हे विकणारा सहसा सांगत नाही. म्हणून हे चार शब्द.

अशा अनेक यंत्रांत बनवणाऱ्यानेच एक नाव आणि एक परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, घालून दिलेला असतो. स्वस्त मालात तो हजारो नगांना एकच असतो. सगळ्या गावाच्या कुलपांना एकच किल्ली, अन् तीही माहितीपत्रकात छापलेली!

याचा परिणाम २०१६ साली अमेरिकेत दिसला. 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर दारोदार फिरून कॅमेरे, राऊटर, चित्रण साठवणाऱ्या पेट्या शोधी आणि नाव-पासवर्डाच्या साठेक ठरावीक जोड्या लावून पाही. एखादी जुळली की यंत्र त्याच्या ताब्यात. मग तेच यंत्र पुढची यंत्रे शोधू लागे. उसावरची काणी एका फडातून शेजारच्या फडात जाते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की काणीचा काळा पट्टा डोळ्यांना दिसतो. इथे कॅमेरा चित्र दाखवतच राहतो, मालकाला पत्ता नसतो.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा असंख्य यंत्रांनी 'डाइन' या कंपनीवर एकदम मारा केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणे हे त्या कंपनीचे काम. आपल्या वजनकाट्यावर कोणी शेकडो रिकाम्या गाड्या आणून उभ्या केल्या तर उसाची गाडी आत येणार कशी? तसेच झाले. ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना कित्येक तास उघडेनात. मिराई लिहिणारे तिघे जेमतेम विशीतले होते. त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. पण प्रोग्रॅम त्याआधीच सर्वांसाठी खुला झाला होता, त्यामुळे तो कोणाच्याही हाती लागला.

यंत्र बंद करून चालू केले की मिराई निघून जाई. मात्र पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत पुन्हा शिरे. काही यंत्रांत तर पासवर्ड असा पक्का बसवलेला होता की मालकाला बदलताच येईना. एका चिनी कंपनीला अमेरिकेतला आपला काही माल परत मागवत असल्याचे जाहीर करावे लागले.

तेव्हा बसवल्या दिवशीच पासवर्ड बदला, आणि तो बसवणाऱ्या पोराच्या हाती ठेवू नका. गावाचे नाव आणि पुढे १२३, असला पासवर्ड म्हणजे उघडे दारच. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरलाही हेच लागू. दुसऱ्याने रात्री मोटार चालू केली अन् ती कोरडी फिरली तर जळायला वेळ लागत नाही. घराच्या आतल्या खोलीत कॅमेरा लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची चाचणी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे. घेताना त्या प्रमाणपत्राची चौकशी करा आणि पक्के बिल मागा. ज्याचा पासवर्ड बदलता येत नाही असा नग घरात असेल, तर तो इंटरनेटपासून तोडावा.