घटस्फोटाच्या काळात कर्मचाऱ्यास आधार

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षक, परिचारिका वा लिपिक सर्वांच्याच ओळखीचे असतात. त्यांच्या घरातील दुरावा कचेरीत पोहोचण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य कोणते?

पहिले, गुप्तता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २२ नुसार अशा प्रकरणांची सुनावणी बंद दालनात होते. न्यायालय जे झाकून ठेवते, ते कचेरीने उघडे करू नये.

दुसरे, वेळ. १९७६ साली समाविष्ट झालेल्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीच्या अर्जानंतरही सर्वसाधारणपणे सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. वादाचा दावा मात्र वर्षानुवर्षे चालू शकतो. म्हणून तारखेच्या दिवसाची रजा वेळेवर मंजूर करावी. तिचे कारण चारचौघांत विचारू नये.

तिसरे, माहिती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणतीही महिला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्यास पात्र आहे. हुकूमनाम्यानंतर भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन तपासून घेण्याची आठवणही कर्मचाऱ्यास द्यावी.

समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे काम आहे. वरिष्ठांनी पंच होण्याचा मोह टाळावा. कर्मचाऱ्याची नेहमीची खुर्ची, नेहमीचे काम आणि नेहमीचा मान कायम राखणे, हाच कार्यालयाचा खरा आधार होय.