संगीत विद्यालयांचे दप्तर आणि मराठी पदाची संहिता

मराठवाड्यातील एखाद्या जुन्या भजनी मंडळाचे बाड उघडले, की पदाच्या माथ्यावर रागाचे नाव, तालाचे नाव किंवा नुसताच ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभीचे दोन-तीन शब्द आढळतात. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावी राहून हस्तलिखित पदांचे संकलन करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की या शिरोलेखाचे करायचे काय? संपादनाच्या रूढ पद्धतीत आपण शब्द जुळवतो, पाठभेद नोंदवतो, कवीची नाममुद्रा पाहतो आणि शिरोलेख हा गायकाच्या सोयीचा भाग म्हणून पुष्कळदा गाळून टाकतो. हे गाळणे वाङ्मयीन दृष्ट्याही घातक आहे. गेय पदाची संहिता कागदावरील शब्दांत पूर्ण होत नाही आणि तिचा उरलेला भाग वाचण्याची साधने संगीत विद्यालयांच्या दप्तरात पडून आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दप्तर कसे घडले?

‘दप्तर’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. विद्यालयांची क्रमिक पुस्तके, स्वरलेखनाच्या वह्या, नियतकालिके, ध्वनिमुद्रिका आणि संस्थापकांची टिपणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. कुरुंदवाडला जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये त्याची मुंबई शाखा उघडली. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाचा पाया घातला. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या प्रयत्नांतून ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ मध्ये व लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये उभे राहिले. प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत आपले विद्यालय काढले.

गुरूच्या घरी राहून ऐकत ऐकत शिकण्याऐवजी वर्गात अनेकांना एकाच वेळी शिकवायचे, तर पाठ लिहून द्यावा लागतो. या निकडीतून स्वरलिपी आली, स्वरलिपीतून पाठ्यपुस्तक आले आणि पाठ्यपुस्तकासाठी बंदिशींचे शब्द प्रथमच मोठ्या प्रमाणावर देवनागरीत छापले गेले. तोपर्यंत मुखोद्गत असलेली संहिता अशा रीतीने अभ्यासाच्या कक्षेत आली.

या दप्तराचे प्राक्तन मात्र सुरक्षित नव्हते. पलुसकरांच्या मुंबईच्या महाविद्यालयाची इमारत कर्जापायी १९२४ मध्ये हातची गेली. लाहोर १९४७ नंतर सीमेपलीकडे राहिले. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन करून परीक्षांचे जाळे विणले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांमुळे स्वरलेखनाची वही मोठ्या शहरांबाहेरही पोचली. म्हणूनच या दप्तराचा एक अंश आपल्या जिल्ह्यातील एखाद्या निवृत्त संगीतशिक्षकाच्या कपाटातही असू शकतो.

२. स्वरलिपी: वाचनाचे साधन

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर बिंदू येतो. एका मात्रेतील स्वर खालून कंसाने जोडतात. सम गुणिलेच्या चिन्हाने व खाली शून्याने दाखवतात. स्वर लांबला तर स्वरांच्या ओळीत आडवी रेघ येते आणि अक्षर लांबले तर शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ) येतो. पलुसकर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाचे स्वतंत्र चिन्ह असते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील अवग्रह महत्त्वाचा आहे. ‘माधव’ हा शब्द घेऊ. छंदःशास्त्राच्या हिशेबाने त्याच्या दोन, एक, एक अशा चार मात्रा होतात. स्वरलिपीत तोच शब्द ‘मा ऽ ऽ ऽ ध ऽ व ऽ’ असा आठ मात्रांवर पसरलेला दिसू शकतो. येथे ‘ध’ आणि ‘व’ हे लघू राहिलेले नाहीत. तेव्हा छापील शब्दांवरून मात्रा मोजून ‘या ओळीत छंदोभंग आहे’ असा शेरा मारणारा संपादक पदकाराचा दोष दाखवत नसतो. आपण चुकीचे माप वापरले एवढेच तो सांगत असतो.

दुसरी गोष्ट समेची. त्रितालाच्या सोळा मात्रांत खाली नवव्या मात्रेवर येते आणि अनेक मध्यलय बंदिशींचा मुखडा तेथूनच उचलला जातो, म्हणजे ओळीचे पहिले अक्षर समेवर नसते. आवर्तनाचा भार समेवर येतो, आणि तेथे पदकाराने किंवा परंपरेने कोणते अक्षर ठेवले आहे, हे स्वरलिपीवाचून कळत नाही. संबोधन, देवतेचे नाव की क्रियापद, यांपैकी काय समेवर येते, त्यानुसार पदाचा भाव कोठे एकवटतो हे ठरते. आपल्या रसग्रहणात याचा विचार क्वचितच होतो.

३. पाठभेद आणि त्यामागील दृष्टी

पलुसकरांना गायन प्रतिष्ठित घरांत न्यायचे होते. त्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकांतून शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजले. भातखंडे यांचा कल निरनिराळ्या घराण्यांतून मिळालेल्या बंदिशी संकलित करून ठेवण्याकडे होता. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेहून अधिक बंदिशी आहेत. साहजिकच एकाच बंदिशीचे दोन पाठ समोर आले, तर त्यांतील फरक लेखनिकाच्या प्रमादाने पडला असेल किंवा मौखिक परंपरेत पडला असेल, एवढेच म्हणून भागत नाही. तो हेतुपुरस्सर केलेला बदलही असू शकतो. पाठचिकित्सेच्या आपल्या परिभाषेत या तिसऱ्या शक्यतेला ठळक स्थान दिले पाहिजे. कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी पदांत केलेले बदलही याच प्रकाशात तपासता येतील.

याच पुस्तकांत काही नवलाचे प्रकारही भेटतात. लक्षणगीतात रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी व गायनसमय हाच गीताचा विषय असतो. म्हणजे व्याकरणच पद होते. भातखंडे यांनी अशी गीते ‘चतुर’ या मुद्रेने रचली. चतरंगात सार्थ शब्द, सरगम, तराण्याची अक्षरे आणि मृदंगाचे बोल एकाच रचनेत गुंफलेले असतात. शब्दाला अर्थ नसतानाही त्याला रचनेत स्थान कसे मिळते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने चतरंग अवश्य पाहावा.

४. ‘चाल’ म्हणजे काय?

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. साकी-दिंडीपासून लावणीपर्यंत आणि कीर्तनातील पदांपासून कर्नाटकी वळणाच्या चालींपर्यंत पुष्कळ काही किर्लोस्करी पदांत सामावले आहे. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गीताचा निर्देश केलेला असतो. समकालीन वाचकाला तेवढी खूण पुरे होती. मूळ गीत विसरले गेले, की ती खूण मुकी होते.

किर्लोस्कर मंडळीचे श्रेष्ठ गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले आणि भारतात ग्रामोफोनचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यास झाले. एका वर्षाच्या अंतराने तो आवाज हुकला. त्या पिढीची पदे ऐकू येण्यासाठी चालीचा निर्देश, शिष्यपरंपरा आणि स्वरलेखन एवढीच साधने राहिली. पुढच्या पिढीचे तसे नाही. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. त्यांसाठी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला गेला आणि बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. भारत गायन समाजाचे संस्थापक आणि ‘स्वयंवर’चे संगीतकार एकच व्हावेत, हा केवळ योगायोग मानू नये, संगीत विद्यालय आणि मराठी नाट्यवाङ्मय किती निकट होते, याचा तो पुरावा आहे. व्रज भाषेतील बंदिशीच्या साच्यात मराठी शब्द बसवताना नाटककाराला अक्षरसंख्या, स्वरान्त शब्द आणि यमके यांबाबत कोणती तडजोड करावी लागली, हे मूळ बंदिश शेजारी ठेवल्यावरच उमगते. नाट्यपदांतील दुरान्वयाबद्दल आपण कवीला दोष देतो, त्याचे एक कारण येथे आहे.

ध्वनिमुद्रिकाही सावधपणे वाचावी लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गायन मावत असे. त्यामुळे तबकडीवरील पद रंगभूमीवर रंगणाऱ्या पदाइतके विस्तृत असूच शकत नव्हते. तबकडीला पदाचे एकमेव प्रमाण रूप मानणे योग्य होणार नाही.

५. दप्तरातील मराठी गद्य

या दप्तराचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे गद्य. भातखंडे यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला. पुढे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ (१९१० ते १९३२) त्यांनी मराठीत, ‘विष्णुशर्मा’ या नावाने, गुरुशिष्यांच्या संवादरूपात सिद्ध केला. त्यात चतुरपंडिताचा उल्लेख ते तिऱ्हाईताचा करावा तसा करतात. स्वतःच्याच मतांना दुसऱ्याच्या तोंडून आधार देण्याची ही युक्ती निबंधवाङ्मयाच्या इतिहासात नोंदली जायला हवी. आज हा ग्रंथ हिंदी अनुवादातूनच अधिक वाचला जातो आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्याची दखल घेतली जात नाही, ही खेदाची बाब आहे. १९०४ च्या दक्षिणयात्रेतील त्यांची टिपणे प्रवासवर्णन म्हणूनही वाचनीय आहेत. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांशी झालेली भेट आणि व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाचा शोध हा त्या यात्रेचा मोठा लाभ होता. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक आणि त्यांनी संपादिलेले ‘संगीत कला विहार’ हे मासिक व्यक्तिचित्रणाच्या अभ्यासकाने टाळू नये.

६. आपल्या जिल्ह्यातील पदे

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची सुमारे ४० फूट लांबीची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. त्यांची गेय पदे त्या मानाने उपेक्षित राहिली. अशा जुन्या पदांवर रागाचे नाव दिसले, की आजच्या पेटीवर तो राग वाजवून ‘मूळ चाल सापडली’ असे म्हणण्याचा मोह होतो. याबाबत भातखंडे यांचेच संशोधन आपल्याला सावध करते. जुन्या ग्रंथांतील शुद्ध स्वरसप्तक आजच्या बिलावलाहून वेगळे होते आणि नाव तेच राहूनही रागाचे रूप पालटले, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा शिरोलेखातील राग हा पद गाण्यासाठी रचले किंवा गायले गेले याचा भक्कम पुरावा आहे. विशिष्ट सुरावटीचा मात्र तो पुरावा नव्हे.

हे ध्यानी घेऊन बाडाची नक्कल करताना शिरोलेख जसाच्या तसा उतरावा, ध्रुवपदाची खूण सोडू नये, आणि मंडळातील सर्वांत वयस्क गायकाकडून ते पद म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करावे. नंतर स्वरलिपी जाणणाऱ्याच्या साहाय्याने शब्दांची ओळ व मात्रांची ओळ एकाखाली एक मांडावी. संगीत विभाग आणि मराठी विभाग एकाच महाविद्यालयात असूनही एकमेकांच्या कपाटांपासून दूर असतात, एम्.ए.च्या प्रकल्पासाठी या दोहोंना एकत्र आणणे अवघड नाही. बाडे पुढेही सापडतील, पण त्यांतील चाली जाणणारे गायक वयाने थकत चालले आहेत. म्हणून या कामाचा आरंभ ग्रंथालयातून न करता भजनी मंडळातून करणे इष्ट ठरेल.